जुनी खेळणी कुठे मिळतात हो? खान्देशातल्या शोधाशोधीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, आता जळगावात राहतो. गेली बारा-तेरा वर्षं सुट्टीच्या दिवशी भंगारात आणि आठवडे बाजारात लहानपणची खेळणी धुंडाळायची सवय लागलीय. ओळखीपाळखीचे लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

खान्देशात जुन्या खेळण्यांचा बाजार नेमका कुठे भरतो?

कुठेच नाही. मुंबईला चोरबाजार आहे, पुण्याला बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथे जुन्या खेळण्याला "जुनं खेळणं" म्हणून भाव असतो आणि तो विकणाऱ्याला पाठ असतो. आपल्याकडे खेळणं खेळणं म्हणून विकायला येतच नाही. ते लोखंड म्हणून येतं, पितळ म्हणून येतं, नाहीतर प्लास्टिक म्हणून येतं आणि थेट काट्यावर चढतं. आपलं काम एवढंच, की घरातला माळा आणि तो काटा यांच्या मधल्या वाटेत कुठेतरी उभं राहायचं.

मग त्या वाटेत उभं कुठे राहायचं?

पहिली जागा भंगारवाल्याचं गोदाम. हातगाडीवर फिरणारा नव्हे, तो ज्याला माल घालतो तो. तिथे संध्याकाळी जा. दिवसभर फिरलेल्या गाड्या तेव्हा रिकाम्या होतात आणि माल अजून वेगळा केलेला नसतो. सकाळी गेलात तर पत्रा पत्र्यात आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बीडात गेलेलं असतं, वर कुणीतरी पाय देऊन ते चपटंही केलेलं असतं.

दुसरी जागा लोकांना सुचत नाही: भांड्यांची दुकानं. जुनं पितळ, तांबं, कासं देऊन बायका नवी स्टीलची भांडी घेतात आणि ते जुनं दुकानाच्या मागच्या अंगाला "मोड" म्हणून गोणीत पडतं. गोणी भरली की भट्टीला जाते. पितळी भातुकली सापडते ती इथेच. एकदा चोपड्याकडच्या एका दुकानात मी गोणीत हात घातला, तर आधी तांब्याची बुडं, मग एका समईचा तुटका पाय आणि त्याखाली सुपारीएवढं पितळी जातं. खुंटा लाकडाचा, बोट लावून लावून काळा गुळगुळीत झालेला. वरची तळी उचलली तर आतल्या खाचेत वाळलेलं, दगड झालेलं पीठ. कुणीतरी त्यात खरंच दळून पाहिलं होतं! ते घालणाऱ्या आजीबाई अजून दुकानातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाई माले मन्ही मायनी दिन्हं व्हतं." म्हणजे हे मला माझ्या आईने दिलं होतं. मी विचारलं, मग मोडीत का घालता? तर म्हणाल्या, नातवंडांना मोबाइल आहे. मी ते मोडीच्या भावाने घेतलं, वर आजींना वेगळे पैसे दिले. दुकानदार हसत होता.

तिसरी जागा आठवडे बाजाराचं टोक. भाजी, मिरची, कपडे संपले की शेवटी गोणपाट अंथरून कुलपं, पाने, जुने चार्जर, चष्मे विकणारे दोघं-तिघं बसतात. शंभरातल्या नव्वद वेळा तिथे काही मिळत नाही. पण तो माणूस गावोगाव फिरतो, आणि आपल्याला काय पाहिजे ते त्याच्या डोक्यात बसलं की तो पिशवीत बाजूला ठेवायला लागतो.

जत्रेत मिळतात का? सारंगखेड्याला, मुक्ताईनगरला?

जुनी नाही मिळत. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहायला जरूर जा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला जा. पण खेळण्यांच्या दुकानांत सगळा माल नवा आणि बहुतेक प्लास्टिकचा. अपवाद म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या खेळणीवाल्याकडे गाठोड्याच्या तळाशी राहिलेला, कधीच न विकला गेलेला माल. त्याला "चाचा, जुना पडून राहिलेला काही आहे का?" एवढं विचारायला काय जातं? सातपुड्यातला होळीआधीचा भोंगर्‍याचा बाजार मात्र डोळ्यांसाठी करा, खरेदीसाठी नको.

वर्षातला चांगला काळ कोणता?

आपल्याकडे घरं रिकामी व्हायचं वेळापत्रक सणांवर चालतं. श्रावणात कानबाई, म्हणजे आपल्याकडची देवी, घरात बसायची म्हणून घर वरपासून खालपर्यंत निघतं: भिंती रंगवतात, गोधड्या धुतात, माळ्यावरचं खाली येतं. त्याआधीचे आठ-पंधरा दिवस भंगारवाल्यांची दिवाळी. खरी दिवाळी हा दुसरा हंगाम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा माळ्यावरचं भंगारात जातं कमी आणि "अगं, हे माझं!" म्हणून परत ठेवलं जातं जास्त. त्यामुळे तेव्हा खरेदी होत नाही, पण कुणाच्या घरी काय आहे ते कळतं. मी आखाजीला फक्त कान उघडे ठेवतो.

चौथा काळ मे-जूनचा. धाब्याची जुनी घरं पाडून स्लॅब टाकायची घाई पावसाआधी असते. घर पडताना कडीपाटाच्या फटीत, देवळीत, कोठीच्या मागे काय काय निघतं ते बिगाऱ्यांना विचारा. गोट्या तर ओंजळीने निघतात.

भुसावळचं एवढं कौतुक का करता? स्वतःचं गाव म्हणून?

थोडं तसंही आहे. पण कारणही आहे. भुसावळला रेल्वेचं मोठं ठाणं, शेजारी आयुध निर्माणी, वरणगावला दुसरी, दीपनगरला वीज केंद्र. देशभरातली माणसं क्वार्टरमध्ये येऊन राहिली, बदलीवर गेली, निवृत्त होऊन गावी गेली. जाताना माणूस फ्रिज नेतो, मुलांच्या खेळण्यांचा डबा नेत नाही. म्हणून एरवी खान्देशातल्या खेड्यात दिसणार नाहीत अशा वस्तू, स्क्रूने जोडायच्या मेकॅनोचे हिरवे-लाल पट्टे किंवा डोळ्यांना लावून चित्रं पाहायचा व्ह्यूमास्टर, मला भुसावळच्या भंगारात मिळालेत. उलट पितळ पाहिजे असेल तर यावल, रावेर, चोपडा, पारोळा, शिरपूर अशा जुन्या शेतकरी-व्यापारी घरांच्या गावांना जा.

वस्तू किती जुनी ते कसं ओळखायचं?

खोक्यावरचा नाहीतर तळावरचा मजकूर वाचा. विकणारा सांगेल "शंभर साल पुराना", ते ऐकून घ्या आणि वस्तू उलटी करा.

किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीची; दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. "नये पैसे" लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ मधली, कारण १९६४ मध्ये "नये" गळालं. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. त्याआधी नुसतं "बॉम्बे-२" असं असायचं. इंग्रजीत "मुंबई" छापलं असेल तर बहुतेक १९९५ नंतरची, "चेन्नई" असेल तर १९९६ नंतरची, "कोलकाता" असेल तर २००१ नंतरची. परदेशी वस्तूंवर "वेस्ट जर्मनी" असेल तर १९९० च्या आतली. "ऑक्युपाइड जपान" असा शिक्का असेल तर महायुद्धानंतरच्या त्या सात वर्षांतली, १९४५ ते १९५२. असा शिक्का मला आजवर एकदाच दिसला, एका पत्र्याच्या उंदरावर, आणि त्याला शेपूट नव्हती.

पितळी भातुकली जुनी की नवी?

नवी भातुकली आता भेट म्हणून भरपूर विकली जाते, त्यात वाईट काही नाही, फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नका. नवीन भांडं हलकं असतं, आतून यंत्रावर फिरवल्याच्या एकसारख्या बारीक रेघा असतात आणि वर चकचकीत लेप असतो. जुन्याला बाहेरून ठोक्यांचे चट्टे असतात, दोन भांडी कधीच हुबेहूब सारखी नसतात, पातेल्याच्या आत कल्हईचे पांढरे डाग राहिलेले असतात. सगळ्यात खात्रीची खूण झिजेची. मूल जिथे पकडतं तिथेच वस्तू झिजते: कढईचे कान, पळीचा दांडा, जात्याचा खुंटा. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखी काळी असते.

आणि एक सांगतो. पितळी घोडा, हत्ती, नंदी दिसला की लगेच खेळणं समजू नका. तो कुणाच्या देवघरातला असू शकतो. देवाची प्रतिमा असलेला टाक तर खेळणं नव्हेच. विकणाऱ्याला विचारा, आणि त्याने हात जोडून ठेवला असेल तर खाली ठेवा.

पत्र्याची चावीची खेळणी घेताना काय तपासू?

आधी चावी फिरवू नका! वीस वर्षं पडून राहिलेली स्प्रिंग एका झटक्यात तुटते. कानाशी धरून अर्धा फेरा द्या. कर्रकर्र असा एकसारखा आवाज आला तर दातेरी चाकं जागेवर आहेत. चावी नुसतीच सैल फिरत राहिली तर स्प्रिंग गेली. मग पत्र्याच्या जिभा पाहा, म्हणजे ज्या खाचेतून काढून वाकवलेल्या असतात त्या. त्या एकदा उघडून परत वाकवल्या तर टिकतात, दुसऱ्यांदा मोडतात. कुणी आधी उघडलंय का ते त्यावरूनच कळतं.

तेल घालायचं तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल तेवढंच. जुन्या घरांतून खोबरेल घालायची रीत होती, आणि आपल्याकडच्या जानेवारीत ते गोठतं. निम्मी "बिघडलेली" खेळणी मी नुसती रॉकेलने धुऊन चालू केलीत. बाहेर, अंगणात, विडी ओढणाऱ्यापासून लांब.

ती पाण्यात फटफट करत चालणारी बोट आठवते का? ती मिळते?

मिळते, आणि नवीही बनते. यात्रेत एका परातीत पाणी घेऊन पाच-सहा बोटी गोल गोल फिरत असायच्या, आम्ही परातीच्या कडेला हनुवटी टेकून बसायचो. तिचं इंजिन म्हणजे गंमतच आहे, त्यात फिरणारा एकही भाग नाही. पोटात पत्र्याची चपटी डबी, तिच्या वरच्या बाजूला पातळ पत्रा, आणि डबीतून मागे पाण्यात निघणाऱ्या दोन नळ्या. खाली मेणबत्तीचा तुकडा. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, नळीत वाफ थंड होते, पाणी परत आत ओढलं जातं, पुन्हा वाफ. तुम्ही म्हणाल, पाणी जेवढं मागे गेलं तेवढंच परत आलं तर बोट जागच्या जागीच हलायला हवी. पण बाहेर पडताना पाण्याची सरळ धार जाते आणि आत येताना ते चहूबाजूंनी येतं, म्हणून धक्का पुढचाच उरतो. तो पातळ पत्रा आत-बाहेर होतो त्याचा आवाज म्हणजे फटफट. या युक्तीचं पेटंट तोमा प्योत नावाच्या माणसाने १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये घेतलं होतं.

घेताना एका नळीत तोंडाने पाणी भरा, दुसरीतून बाहेर यायला पाहिजे. मग एक नळी बोटाने बंद करून दुसरीतून फुंका आणि डबी पाण्यात धरा. बुडबुडे आले तर डाग, म्हणजे झाळलेला सांधा, उखडलाय. तो साध्या झाळणाने लावता येतो, फक्त पातळ पत्र्याला हात लावू नका. तोंड लावायच्या आधी नळी धुवा हे सांगायला नको, पण मी पहिल्यांदा धुतली नव्हती.

छोट्या लोखंडी गाड्या, जी. आय. जो, व्ह्यूमास्टर यांचं काय?

गाड्या लोखंडी नसतात, जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. चुंबक लावला तर त्यांच्या अंगाला चिकटत नाही. तळ वाचा. डिंकी या नावाच्या इंग्रजी खेळगाड्यांच्या जुन्या साच्यांतून पुढे कलकत्त्यात "निकी" नावाने गाड्या निघाल्या, त्या शोधणारे लोक आहेत. हॉट व्हील्सही काही काळ भारतात बनत, तळावर तसं लिहिलेलं असतं. फार जुन्या ओतीव गाडीला बारीक भेगांचं जाळं दिसलं तर सोडून द्या. धातूत शिशाची भेसळ राहिली की तो आतून फुगतो आणि भुगा होतो. त्याला औषध नाही.

जी. आय. जो, म्हणजे ते हातपाय हलणारे सैनिक बाहुले, इथे फनस्कूलचे असतात. कंपनी १९८७ ची, म्हणजे बाहुला त्यापेक्षा जुना नाही. कमरेतून दोन तुकडे झालेला मिळाला तर आनंदाने घ्या: आतलं रबरी कडं तुटलेलं असतं. मागचा स्क्रू काढून त्या मापाचं नवं कडं घातलं की तो उभा राहतो. नळाच्या सामानाच्या दुकानात माप जुळवायला थोडा वेळ लागतो, दुकानदार वैतागतो.

व्ह्यूमास्टर १९३९ चा, आपल्याकडे तो मुंबईच्या पटेल इंडियाने बनवला. एका चकतीत १४ चित्रं, म्हणजे ७ दृश्यं, कारण प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र लागतं. चकती उजेडात धरा. सगळं लालसर गुलाबी झालं असेल तर फिल्मचा रंग गेलाय, तो परत येत नाही.

लाकडी खेळणी?

भोवरे पोत्याने आहेत. आरी, म्हणजे टोकाचा खिळा, मूळची असेल तर ठेवा, नसेल तर पोराला फिरवायला द्या. ठकी, म्हणजे रंगवलेली लाकडी ठोकळ्यासारखी बाहुली, आपल्याकडे क्वचितच निघते. सावंतवाडीची खेळणी लग्नात आलेली म्हणून मिळतात. चाकाचे लाकडी बैल दिसले तर ते बहुधा विदर्भातून आलेले. तान्हा पोळा तिकडचा. आपल्या पोळ्याचे बैल मातीचे, ते पुढच्या पावसापर्यंत टिकले तरी खूप.

आणखी एक: हिरवट काचेच्या, आत बुडबुडे असलेल्या गोट्या मिळाल्या तर त्या गोटीसोड्याच्या बाटलीतल्या. बाटली फोडून गोटी काढणारी पिढी अजून आहे, त्यांना विचारा म्हणजे मार किती बसला तेही सांगतील.

आपल्या उन्हाचा काय परिणाम होतो?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण विचारायला पाहिजे. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांवर जातो. आपली कोरडी हवा पत्र्याला चांगली. कोकणातली चावीची मोटार गंजून जाते, इथली नुसती धुळीने भरते. पण तेच ऊन प्लास्टिकचा आणि रबराचा काळ आहे. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या बाहुलीचा चेहरा एका उन्हाळ्यात कलतो, मऊ प्लास्टिक चिकट होतं. म्हणून इथे पत्रा आणि पितळ शोधा. मऊ बाहुल्या धडधाकट मिळाल्या तर नशीब समजा, आणि घरी आणल्यावर माळ्यावर टाकू नका.

कचकड्याच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या, बाहुलीची तर वेगळीच गोष्ट. अंगठ्याने घासून हुंगा, कापराचा वास आला तर ते खरं कचकडं. ते कापूर घालूनच बनवतात आणि कापरासारखंच भकाभक पेटतं. देवघराजवळ, गॅसजवळ, तापणाऱ्या कपाटात ठेवू नका.

आत सेल फुटून हिरवं-पांढरं झालंय, फेकू?

नको. जुन्या साध्या सेलची गळती आम्लाची असते, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा. नंतरच्या अल्कलाइन सेलची गळती उलट, तिला व्हिनेगर नाहीतर लिंबू. हातमोजे घाला, वाळू द्या, मग कानशीने संपर्काची पट्टी घासा. पितळ चिंचेने घासलं तरी चालतं, पण फार उजळू नका. झिजेची खूण जाते.

मुलांना खेळायला द्यावीत का?

पितळी, लाकडी बिनरंगाची द्या, जरूर द्या. रंगवलेली जुनी खेळणी तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना अजिबात नको. जुन्या रंगात शिसं असतं. घरच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंतच असावं हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, तेव्हा त्याआधीचा पोपडा कशाचा ते कोण सांगणार? नव्या खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे; जुन्या डब्यातल्या गाडीची अशी तपासणी झालेलीच नसते.

घासाघीस किती करावी?

गोदामात किलोच्या भावाने माल घेतलेला असतो, त्यामुळे दुप्पट-तिप्पट दिलं तरी दोघंही खूश. मोबाइलवर परदेशातली किंमत काढून दाखवू नका. एकदा एका मित्राने "हे बाहेर पाच हजाराला जातं" असं कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून त्या गोदामात तुटका कंगवासुद्धा पाच हजाराचा झाला. मी वर्षभर तिकडे फिरकलो नाही.

घरात येऊन कुणी म्हातारं माणूस विकत असेल तर घासाघीस नको. वस्तूचं घर, गाव, कुणाची होती ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

कायद्याची काही भानगड?

शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांचा पितळी हत्ती पाठवायच्या आधी हे ध्यानात घ्या. हस्तिदंती फासे, सोंगट्या यांची खरेदी-विक्री तर करूच नका, तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहे. आपल्याला मिळतात ती बहुतेक खेळणी साठ-सत्तर वर्षांच्या आतलीच असतात, त्यामुळे झोप उडवायचं कारण नाही.

तुम्ही स्वतः काय शोधताय?

पत्र्याचं इंजिन. हिरवं, धुरांड्याला पिवळा पट्टा, चावी डाव्या बाजूला. वडिलांनी मुक्ताईच्या यात्रेतून आणलेलं. धाकट्या भावाने छताच्या आतल्या बाजूला खिळ्याने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर ओढलं होतं, ते उलटं आलं म्हणून मार खाल्ला होता. क्वार्टर सोडताना आईने ते जुन्या स्टोव्हबरोबर वजनावर घातलं. हिरवी इंजिनं आजवर दोन मिळाली, दोन्हींची छतं आतून कोरी. तुम्हाला कुठे दिसलं तर छत बोटाने चाचपून पाहा, आणि ओरखडा लागला तर घासाघीस करू नका, मागेल ते द्या. पैसे मी देतो.